परळ, दादर, माटुंगा, गिरगाव: दर शनिवारी एक साधं हॉटेल, कुठून सुरुवात करू?

भोईवाडा_ते_भायखळा

मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही परळला राहतो, भोईवाड्याच्या बाजूला, आणि लग्न होऊन इकडे आल्यापासून बाहेरचं खाणं म्हणजे मोबाईल उघडायचा, तीच बिर्याणी नाहीतर तेच पनीर, तो बिचारा मुलगा पाऊण तासाने घामाघूम होऊन येतो आणि डबा उघडेपर्यंत आतल्या सगळ्याचा लगदा झालेला असतो. आता बास म्हटलं. नवऱ्याचं आणि माझं ठरलंय की दर शनिवारी बाहेर पडायचं, चालत नाहीतर फार तर दोन-चार स्टेशनं, आणि एखाद्या साध्या हॉटेलात बसून गरम गरम खायचं. मॉलमधलं नको, कमला मिलकडचं नको, जिथे पाण्याची बाटली विकत घेता का म्हणून आधी विचारतात ते तर नकोच नको.

अडचणी सांगून ठेवते. सासूबाई शाकाहारी, गुडघे दुखतात त्यामुळे जिने चढत नाहीत, शिवाय चतुर्थी-एकादशी आहेच. लेक सहा वर्षांची, तिखट जिभेला लागलं की अख्खं हॉटेल डोक्यावर घेते. आम्ही दोघं मासे म्हटलं की कधीही तयार. म्हणजे कधी चौघं असू, कधी सासूबाई आणि लेक घरी आणि आम्ही दोघंच.

नावांची यादी नकोय हो. नावं गूगलवर ढिगाने दिसतात आणि सगळ्यांनाच चारच्या वर स्टार. कुठे, कधी जायचं आणि गेल्यावर मागवायचं काय ते सांगा. आणि एल्फिन्स्टनचा पूल पाडायला घेतल्यापासून आम्हाला पश्चिमेला जायचं म्हणजे करी रोड नाहीतर टिळक ब्रिजचा वळसा, त्यामुळे पूर्वेचं काही असेल तर आधी ते.

जुना_दादरकर

ताई, प्रश्न आवडला. स्टार-बिर सोडून द्या, या जागांची प्रत्येकाची एक वेळ असते ती धरायची. चुकीच्या वेळी गेलात तर चांगल्यातलं चांगलं हॉटेल पण तुम्हाला सकाळचा वडा परत तळून देणार आणि तुम्ही घरी येऊन इथे शिव्या घालणार.

दादर पश्चिमेला स्टेशनच्या समोर मामा काणे, १९१० पासूनचं. तिथे सकाळी जायचं, बटाटेवडा घाण्यातून निघतानाचा खायचा. वरती चहा. बस. उगाच मोठं मेनूकार्ड वाचत बसू नका, ते बाकीच्यांसाठी आहे. चालता चालता वडापाव हवा असेल तर छबिलदासच्या गल्लीत श्रीकृष्ण, पण तिथे बसायची सोय नाही, उभ्याने खायचं, म्हणजे सासूबाई बरोबर नसतील तेव्हा.

मग प्रकाश, शिवसेना भवनाकडून जवळ. साबुदाणा वडा, डाळिंबी उसळ, पीयूष. ही तिघं आलटून पालटून खात राहा, चौथ्याकडे जायची गरज मला तरी इतक्या वर्षांत पडलेली नाही. जागा लहान, अनोळखी माणसाच्या समोर बसावं लागतं, आणि तुम्ही शेवटचा घोट घेताय तोवर पुढचा गिऱ्हाईक तुमच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा असतो, त्याने बिचकायचं नाही, तुम्हीही थोड्या वेळापूर्वी कोणाच्या तरी डोक्यावर असेच उभे होता. दुपारी साडेतीन-चारला जा, आडवारी. शनिवारच हवा असेल तर मात्र दुकान उघडतं तेव्हाच.

आस्वाद तिथेच गडकरी चौकात, १९८६ चं. २०१५ साली त्यांच्या मिसळीला लंडनमध्ये फूडीहबचं जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून बाहेर नाव लिहून थांबावं लागतं. मिसळ चांगलीच आहे पण ती दादरची मिसळ आहे, सौम्य, थोडी गोडसर, घाम फोडणारी नाही. तुमच्या सासूबाईंना चालेल. मी तिथे थालीपीठ आणि लोणी खातो, लेकीला पण तेच द्या, लोणी जास्तीचं मागून. आणि तळमजल्यावर आहे सगळं, जिना नाही.

पूर्वेचं म्हणालात तर हिंदू कॉलनीत कॅफे कॉलनी, इराणी. बन मस्का, चहा, खिमा. सकाळी पेपर घेऊन जायची जागा आहे, तिथे जेवायला म्हणून जाऊ नका. लेकीला मस्का लावलेला बन चहात बुडवायला शिकवा, हे शिक्षण आजकाल शाळेत मिळत नाही.

रुईयाकट्टा

काका माटुंगा विसरले की मुद्दाम माझ्यासाठी सोडलं 😄

ताई तुम्ही परळहून मध्य रेल्वेने आलात तर दादरनंतरचं स्टेशन. पुलावरून पूर्वेला उतरलं की तिथेच राम आश्रय, १९३९ चं, पहाटे उघडतं आणि शनिवार-रविवार आठनंतर बाहेर नुसती जत्रा. साडेसहा-सातला पोचलात तर थेट आत. लेकीसाठी शिरा, अननसाचा असेल तर तोच, तुम्ही उपमा घ्या. हो, उपमा. मला माहितीये घरी कोणी उपमा म्हटलं की तोंड वाकडं करतं पण तिथला खाऊन बघा, मऊ, तूप सुटलेला, वर चटणी पातळ. डोसा कुठेही मिळतो हो.

कॅफे मद्रास किंग्ज सर्कलच्या बाजूला, १९४० चं. रांग असते, एक माणूस वही घेऊन उभा असतो त्याला माणसं किती ते सांगायचं आणि दोनच असाल तर "शेअरिंग चालेल" म्हणायचं, लगेच नंबर लागतो. रसम वडा मागवा. वडा रसमात बुडवून येतो, पहिली दोन मिनिटं वरचं कवच अजून थोडं कुरकुरीत असतं आणि आत रसम शिरत असतं, तेवढ्यात खायचा, फोटो काढत बसलात तर संपलं. वाटी रिकामी झाली की रसम परत मागता येतं, लाजू नका. नाचणी डोसा सासूबाईंना. शेवटी कॉफी, ती डबरा-पेल्यात येते, लेकीला ते वरखाली ओतायला द्या आणि पाच मिनिटं शांत बसा. मात्र सोमवारी वगैरे इकडच्या बऱ्याच जागा बंद असतात, तुमचा शनिवार आहे म्हणून प्रश्न नाही.

जेवायचं असेल तर रामा नायक, म्हणजे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून, स्टेशनला लागून मार्केटच्या इमारतीत. पण पहिल्या मजल्यावर आहे. सासूबाईंसाठी जिना अवघड जाईल, तुम्ही दोघं लेकीला घेऊन जा. आधी गल्ल्यावर पैसे, नंबर मिळतो, बाकावर बसून वाट बघायची, मग केळीच्या पानावर पंगत. वाढपी फिरत राहतात, सांबार आलं, रसम आलं, भाजी आली, आणि तुम्ही हात आडवा केल्याशिवाय थांबत नाहीत. पानात टाकायचं नाही हे मात्र लक्षात ठेवा, तिथे ते खपत नाही, आणि बरोबरच आहे.

निघताना मैसूर कन्सर्न्समधून ताजी दळलेली कॉफी घेऊन जा. दुकानाच्या बाहेरच वास येतो. चिकोरी किती टक्के हवी ते ते विचारतील, पहिल्यांदा असाल तर त्यांनाच ठरवू द्या.

जुना_दादरकर

विसरलो नव्हतो, तरुणांना पण काम ठेवावं लागतं. माटुंग्याला ही सगळी हॉटेलं एका ठिकाणी का याचं कारण पण सांगून टाकतो. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दादर-माटुंगा भाग आखून वसवला, रुंद रस्ते, झाडं, मोकळे प्लॉट, आणि तिथे नोकरीसाठी आलेले दक्षिणी लोक स्थिरावले. त्यात एकटे राहणारे पुरुष पुष्कळ. त्यांना रोजचं घरच्यासारखं जेवण हवं होतं, त्यातून ही बोर्डिंगं. म्हणून रामा नायककडे अजून "बोर्डिंग" शब्द पाटीवर आहे.

सुकट_बोंबील

आता मासेवाल्यांचं. शाकाहारी मंडळींनी पुढच्या पोस्टवर जावं.

ताई तुम्ही परळच्या, म्हणजे गिरणगावच्या, तुमच्या आजूबाजूला तर हे सगळं घरातून सुरू झालं. गिरणीत तीन पाळ्या, कोकण-घाटावरून आलेले एकटे पुरुष एका खोलीत दहा-बारा जण, आणि चाळीतली एखादी बाई त्यांना दोन वेळचं महिन्यावारी जेवण घालायची, ती खानावळ. खानावळ चालवणाऱ्या या बायकांसाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. मग १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, जेवणारे गेले. काही खानावळी हॉटेलं झाल्या, बऱ्याच नुसत्या संपल्या. माझी आत्या अजून सांगते की संपात सहा-सहा महिने उधारीवर जेवण घातलं लोकांनी. असो, विषयांतर झालं.

मासे खायचे तर आधी महिना बघा. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्या काळात तुमच्या ताटात येणारं पापलेट, सुरमई बहुतेक बर्फातलं असतं, ते काही विष नाही पण पैसे पूर्ण आणि चव अर्धी. त्या दोन महिन्यांत सुकं खावं, सुक्या बोंबलाची चटणी, सोडे घातलेली वांगी-बटाट्याची भाजी, जवळा. किंवा कोंबडी-वडे. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडतात पण तेव्हा श्रावण लागलेला असतो, अर्धी मुंबई शाकाहारी, म्हणजे मालवणी हॉटेलात जागाच जागा आणि मासा ताजा. श्रावण पाळत नसाल तर यासारखी वेळ नाही. उलट गटारीच्या आदल्या शनिवारी चुकून पण जाऊ नका, बाहेर फुटपाथवर रांग आणि आत वेटरला मान वर करायला फुरसत नाही.

दादरला सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमांतक, ही सगळी ओळखीची नावं, तिन्ही पश्चिमेला. कुठल्याही जागी पहिल्यांदा गेलात की मी काय करतो ते सांगतो. आधी सोलकढी मागवायची, एकच ग्लास. ताजी असेल तर ग्लास दोन मिनिटं ठेवला की वर नारळाचं दूध आणि खाली कोकमाचं पाणी जरासं वेगळं व्हायला लागतं, लसणीचा आणि मिरचीचा वास येतो, रंग फिका गुलाबी. अगदी एकसारखी, लग्नातल्या सरबतासारखी गडद गुलाबी आली की समजायचं. त्या दिवशी मग साधं बांगडा फ्राय आणि भात खाऊन निघायचं, महागातलं काही मागवायचं नाही. सोलकढी नीट असेल तर मात्र तिसऱ्याचं सुकं, बोंबील फ्राय, आणि चपातीऐवजी तांदळाची भाकरी.

अजून एक, मेनूकार्डवर भावाच्या जागी एपीएस लिहिलेलं असतं, म्हणजे माशाच्या साईजप्रमाणे. तिथे वेटरला सरळ विचारायचं, आज केवढ्याला पडेल, आणि जमलं तर मासा बघायला मागायचा. लोक लाजतात आणि मग बिल बघून तोंड उतरतं. मांदेली, बांगडा, बोंबील यांचा भाव सहसा छापलेला असतो, आणि खरं सांगायचं तर चव पण त्यातच जास्त.

ओल्या बोंबलाबद्दल दोन शब्द, कारण हा आपल्या मुंबईचा मासा आणि त्याचेच हाल सगळीकडे. चांगल्या जागी बोंबील आधी वजनाखाली दाबून पाणी काढतात, मग मसाला, मग रवा-तांदळाचं पीठ, मग तवा. ताटात आल्यावर तो चपटा आणि कडेने कुरकुरीत असतो, मधे काट्याजवळ लोण्यासारखा. पाणी न काढता तळला की वरचं कव्हर एकीकडे आणि मासा एकीकडे. दोन घास खाऊन कळतं.

स्पष्ट_बोलतो

सगळे जण तीच तीच नावं सांगतायत. माफ करा पण ही नावाजलेली ठिकाणं आता शनिवारी खाण्यालायक राहिलेली नाहीत. मागच्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन एका "प्रसिद्ध" जागी गेलो, नाव घेत नाही, एक तास बाहेर, आत गेल्यावर मिसळीत फरसाण आधीच भिजलेलं, कट कोमट, आणि जास्तीचा पाव मागितला तर वेटर असा बघतो की त्याची किडनी मागितली. शेजारच्या टेबलावर तिघं जण रिंगलाईट लावून. चव काय घेणार.

माझं म्हणणं, तुमच्या भोईवाड्यातच सुरू करा की. केईएम आणि टाटाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत किती छोटी हॉटेलं आहेत, तुम्ही रोज त्यांच्यावरून जात असणार. पेशंटचे नातेवाईक देशभरातून येतात, महिना-महिना राहतात, त्यांना स्वस्त, साधं आणि पचेल असं लागतं. त्यामुळे तिथे खिचडी, दहीभात, साधं वरण, मऊ चपाती हे रोजचं असतं, मेनूच्या कोपऱ्यात लाजत लिहिलेलं नसतं. तुमच्या लेकीला आणि सासूबाईंना याहून बरं काय पाहिजे. गिऱ्हाईक दिवसभर असतं म्हणून माल पण शिळा राहत नाही. पाटी फिकी असते, फोटो चांगले येत नाहीत, म्हणून कोणी पोस्ट टाकत नाही एवढंच.

भोईवाडा_ते_भायखळा

@स्पष्ट_बोलतो किडनीवालं वाचून नवरा अजून हसतोय 😂 पण मुद्दा पटला. आमच्या गल्लीच्या टोकाला असं एक आहे खरं, बाहेर पत्र्याच्या फळ्यावर खडूने रोज लिहितात, आम्ही त्याच्या पायरीवर रिक्षा… म्हणजे टॅक्सीची वाट बघत उभे राहतो आणि आत कधी बघितलेलं नाही. आत जायचं तर काय बघून ठरवायचं की बसावं की नाही? सासूबाईंना घेऊन उगाच प्रयोग नको वाटतो.

(रिक्षा लिहिलं कारण माहेर ठाण्याचं, समजून घ्या.)

जुना_दादरकर

खडूने रोज लिहितात म्हणजे अर्धं काम झालं. आदल्या दिवशीचं पुसून नवीन लिहिलंय म्हणजे आज बाजारातून काय आलं त्यावर स्वयंपाक ठरतो. छापील आठ पानी कार्डात चायनीज, पंजाबी, पिझ्झा सगळं असेल तर फ्रीज मोठा आहे एवढंच कळतं.

आणखी बघायचं तर दुपारी साडेबारा ते दीड कोण जेवतंय ते बघा. टॅक्सीवाले, वॉर्डबॉय, पोस्टमन, बँकेतले कारकून रोज येत असतील तर बिनधास्त. हे लोक रोजचे पैसे मोजून जेवतात, एकदा पोट बिघडलं तर परत पाऊल ठेवत नाहीत. पाण्याचे ग्लास कुठे विसळतात तिकडे एक नजर टाका. आणि पहिल्यांदा सासूबाईंना नेऊ नका, तुम्ही दोघं जा, राइस प्लेट मागवा. राइस प्लेटमधलं वरण चांगलं असेल तर बाकी सगळं ठीक असतं, कारण वरणाकडे कोणी लक्ष देत नाही, तिथे कळतं आचारी काय चीज आहे ते.

सुकट_बोंबील

वरणाशी सहमत. आमच्याकडे हेच काम आमटी करते.

आणि लालबागचं लाडू सम्राट राहिलं की, तुम्हाला चालत. शाकाहारी, तळमजला, कोथिंबीर वडी, मिसळ, आणि नावातच आहे ते. सासूबाईंसाठी पहिला शनिवार तिथे घालवा, मग शेजारी चिवडा गल्ली आहेच, पातळ पोह्यांचा चिवडा घेऊन घरी. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर मसाल्याच्या डंकांचा भाग टाळा, लेक शिंकून बेजार होईल, अख्ख्या मुंबईचं वर्षाचं तिखट तिथे कुटलं जात असतं त्या दिवसांत.

गिरगावकर_मुक्काम_डोंबिवली

गिरगावचं नाव शीर्षकात आहे आणि इतका वेळ कोणी बोललं नाही, शोभतं का हे.

आता भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन झालंय त्यामुळे पूर्वीसारखं चर्नी रोडला उतरून चालत यायची सक्ती नाही, सासूबाईंना लिफ्टने वर आणता येईल. ठाकूरद्वारला फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम. नाव दवाखान्याचं वाटतं, आत मिसळ आहे. ही दादरपेक्षा जरा तिखट, पण वेगवेगळ्या मिसळी आहेत, दह्याची घ्या म्हणजे चालेल. पुढे पणशीकर, उपासाचं सगळं, साबुदाणा वडा, पीयूष. चतुर्थीला तिकडेच जा, सासूबाईंचा उपास आणि तुमचा शनिवार एकाच टेबलावर.

मासे खायला पूर्वी खोताच्या वाडीत अनंताश्रम होता. कधीच बंद झाला. जेवणाची वेळ मोजून, वेटर गिऱ्हाइकावर ओरडणार, चिंबोरी आणि तिसऱ्या संपल्या की संपल्या, आणि तरी दाराशी गाड्या उभ्या. मी लहानपणी आजोबांबरोबर जायचो, ते "गप जेव" एवढंच बोलायचे. आता त्या वाडीत लाकडी घरं बघायला फिरायला जातात लोक, तुम्ही पण लेकीला दाखवा, पण जेवून जा, तिथे काही मिळेल या भरवशावर नको.

एक कटू गोष्ट पण सांगतो. आमच्याकडे चाळी भराभर रिडेव्हलपमेंटला चालल्यात. खालच्या गाळ्यातलं हॉटेल तीन-चार वर्षं कुठेतरी भाड्याने जातं, तोवर आचारी गावी जातो, मालकाचा मुलगा आयटीत असतो, आणि टॉवर उभा राहिला की खाली बँकेचं एटीएम. म्हणून जे जायचंय ते पुढच्या वर्षी बघू म्हणत ठेवू नका. ज्या इमारतीला हिरवी जाळी लागलीये तिथलं आधी उरका.

तांबडा_पांढरा

वरती मिसळीच्या नावाखाली जे काय चाललंय ते वाचून कोल्हापुरात अर्धा दिवस बंद पाळण्यात आलाय. गोडसर मिसळ?? दह्याची??? आणि ती पण पावाबरोबर. आमच्याकडे ब्रेडच्या स्लाईसबरोबर खातात आणि कट संपला की परत वाढतात, न मागता. या एकदा, लेकीला दूध कट्ट्यावर ताजं दूध पाजू, तुम्ही रडत रडत मिसळ खा.

जुना_दादरकर

आलात का. म्हटलं अजून कसे आले नाहीत.

रुईयाकट्टा

@तांबडा_पांढरा स्लाईस ब्रेडबद्दल आम्ही काही बोलत नाही, पाहुण्यांचा मान राखतो 🙏

ताई एक प्रॅक्टिकल सांगायचं राहिलं. लहान मूल बरोबर असेल तर या रांगवाल्या जागी नवऱ्याला आधी पाठवा नाव लिहायला आणि तुम्ही दहा-पंधरा मिनिटांनी निघा. माटुंग्याला तर समोर फुलबाजार आहे, लेकीला गजरे करताना बघायला उभं करा, अर्धा तास कसा जातो कळत नाही. आणि लेकीची ऑर्डर बसल्या बसल्या आधी द्या, तुमची नंतर. भुकेलं पोर आणि शेजारचा अनोळखी माणूस एका टेबलावर हे काही खरं नाही.

भोईवाडा_ते_भायखळा

अरे बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून थँक्यू. वहीत उतरवून घेतलंय, नवऱ्याने तर वरती महिने पण लिहिले, जून-जुलैपुढे "सुकं" असं लाल पेनने.

तर या शनिवारी लालबाग, चौघं, लाडू सम्राट. पुढच्या शनिवारी आम्ही दोघंच, आमच्या गल्लीच्या टोकाचं खडूच्या फळ्यावालं, दुपारी साडेबाराला, राइस प्लेट. मग माटुंगा सकाळी सातला, त्याला अजून नवरा तयार नाहीये, तो म्हणतो शनिवारी सातला तर कबुतरं पण उठत नाहीत. मासे श्रावणात. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, त्यांच्या पाठीमागे जाऊन येऊ 🤫

एकच शंका राहिली. वाढप्यांना, वेटरना टिप किती द्यायची असते अशा ठिकाणी? आणि पेमेंट यूपीआय चालतं ना सगळीकडे?

सुकट_बोंबील

यूपीआय आता बहुतेक सगळीकडे चालतं, फक्त जुन्या जागी गल्ल्यावरचे काका कधी कधी "नेटवर्क नाही" म्हणतात तेव्हा हुज्जत घालू नका, पाचशेची नोट मोडून जवळ ठेवा. टिपचं म्हणाल तर बडीशेपेच्या बशीत दहा-वीस ठेवतात लोक. मी मात्र ज्याने वाढलं त्याच्या हातात देतो आणि नाव विचारून घेतो. दुसऱ्यांदा गेलात की तो स्वतःच येऊन सांगतो, ताई आज सुरमई नको, मांदेली घ्या.

स्पष्ट_बोलतो

खडूवाल्या हॉटेलचा रिपोर्ट टाका इथे. नाव नका टाकू पण, नाहीतर पुढच्या महिन्यात रिंगलाईटवाले तुमच्या गल्लीत.